रवळूच्या दाताचं शिसं

मघाशी रापणीचं जाळं ओढताना पोरं ओरडली, "इलो रे, रवळू इलो!" आणि तुम्ही सगळे माना वळवून मागे बघायला लागलात. खोटं सांगू नका, आम्ही बघितलं. इथे येणारा प्रत्येक पाहुणा असाच फसतो. कोणी आलंबिलं नाही. बसा इथे, सांगतो. आणि बाई, तुमचा पाय जरा त्या कातळावरून काढा. नाही, देव नाही तो. पण आमच्या दांडोळीत त्याच्यावर कोणी पाय देत नाही.

नीट बघा त्याच्याकडे. काळ्या कातळात बोटाएवढे खळगे दिसतात? ते जाळ्याच्या शिशाचे साचे. पावसाळा सरत आला की आम्ही भंगार गोळा करतो, नळाचे जुने तुकडे, गॅरेजवाल्याने फेकलेली मोटारीच्या चाकाची शिसं, काय मिळेल ते. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी भांड्यात ते वितळवायचं आणि या खळग्यांत ओतायचं. बाजारात तयार मिळतं, ठाऊक आहे आम्हाला. पण बाजारचं शिसं ते बाजारचंच. आता कडेचा तो शेवटचा खळगा बघा, चिरलेला. त्याच्या भोवती करडे थेंब दिसतात ना, शिंपडल्यासारखे? नखाने खरवडा, निघायचे नाहीत. ते आवडीच्या हातून उडालेलं शिसं आहे, असं सांगतात.

आवडी म्हणजे रवळूची बायको. किती वर्षं झाली ते विचारू नका, आमच्या आज्यालासुद्धा ते त्याच्या आज्याने सांगितलेलं. तेव्हाही रापण अशीच होती. एकट्याचं जाळं नसतंच ते. प्रत्येक घराने आपापला जाळ्याचा पट्टा आणायचा, सगळे पट्टे एकमेकांना जोडायचे, होडीतून अर्धगोल फिरवून समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांनी सगळ्या गावाने किनाऱ्यावर ओढायचं. ज्याचा पट्टा, त्याचा वाटा. पट्टा नाही तर वाटाही नाही. वरच्या दोराला तरंगणारी भेंडं, खालच्या दोराला शिसं, म्हणजे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. एका घराचं शिसं कमी पडलं की तेवढाच पट्टा तळावरून उचलला जातो आणि सगळी मासळी त्या फटीतून पसार. म्हणून या बाबतीत कोणी कोणाची भीड धरत नाही.

रवळू हा म्हणे भारी हसरा माणूस. पुढच्या दोन दातांत अशी फट की हसला म्हणजे ती आधी दिसायची. रापण नसेल तेव्हा तो एकटाच खडकावर गरी, म्हणजे गळ, टाकून बसायचा. दोरीला गाठ मारताना गरीचं शिसं दातात धरायची त्याला खोड होती. शिसं मऊ असतं. धरून धरून त्याच्यावर त्याच्या दातांची खूण उमटली होती, दोन खळ्या आणि मध्ये फटीचा उंचवटा. आवडी त्याला म्हणायची, "एक दिवस गिळून टाकशात आणि मगे पोटात शिसा घेवन बुडशात." नवराबायकोची थट्टा, दुसरं काय?

आणि तसंच झालं हो. म्हणजे गिळलं नाही त्याने, पण बुडाला. हंगाम संपता संपता, रापण सोडायला गेलेली होडी लाटेने उलटली. बाकीचे पोहत आले. रवळू आला नाही. त्याचा जाळ्याचा पट्टाही त्याच्याबरोबर गेला. समुद्राने दोन्हींतलं काहीच परत दिलं नाही.

घरात उरल्या दोघी, आवडी आणि तिची सासू भागी. आवडीने रडून रडून डोळे सुजवून घेतले. भागीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. सगळा गाव भेटायला येऊन गेला, म्हातारी नुसती उंबऱ्यावर बसून होती. बायका कुजबुजायच्या, काळीज आहे की दगड? त्या काळी बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे, आणि भागीने तर मुलाचं नाव टाकूनच दिलं होतं. ज्या घरात दिवसभर "रवळू, रवळू" चालायचं, त्या घरात ते नाव कोणी उच्चारीना. आवडीला म्हातारीचा मनातून फार राग यायचा. गरीचं ते दात उमटलेलं शिसं खुंटीला टांगलेलं होतं, ते तिने गुपचूप काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. या दगडाला कशाला दाखवायचं, असं तिला वाटलं.

रापणीचा म्होरक्या तेव्हा सगुण तांडेल. माणूस वाईट नव्हता, पण कडक. तो दारात येऊन सांगून गेला, "आवडे, नारळी पुनवेक पट्टो घेवन ये. तुझी जागा तुझीच. पण दगड बांधून आणशीत तर माका चलाचा नाय. एकाचा जाळा उचलला की सगळ्यांची चूल थंड." रवळू असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. पण जागा गेली असती तर दोघींना गाव सोडून कोणाच्या तरी दारी भांडी घासायला जावं लागलं असतं. आणि रवळूची म्हणून रापणीत जी एवढी जागा होती, ती कायमची बुजली असती.

जाळं भागीने विणायला घेतलं. सुई घेऊन बसली ती उठलीच नाही. शिसं शोधायचं काम आवडीचं. विकत घ्यायची ऐपत कुठली? त्या पलीकडच्या टेकावर जुन्या कोटाची पडझड दिसते ना? त्याचे दगड शिशाचा रस ओतून बसवलेले होते, असं म्हणतात. ढासळलेल्या बुरुजात शिरून आवडीने सांध्यांतलं शिसं कोयतीने खरवडून काढलं. कोटाखालच्या वाळूत जुन्या लढायांतल्या शिशाच्या गोळ्या सापडायच्या, मोठी भरती येऊन गेली की ती टोपली घेऊन धावायची. कुजून पडलेल्या होड्यांना लावलेले शिशाच्या पत्र्याचे तुकडे होते, तेही तिने मालकांना विचारून उपटले. लोक म्हणायचे, बाईला भंगाराचं वेड लागलं. लागू दे की! टोपली भरत होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी, ओहोटी लागल्यावर, तिने या कातळावर चूल मांडली. आधी खळग्यांत निखारे भरायचे, का ते ऐका. साचा ओला असला आणि वर तापलेलं शिसं पडलं की ते बंदुकीसारखं उडतं. म्हणून कातळ खडखडीत कोरडा करून घ्यायचा. मग भोक राहावं म्हणून मध्ये तेल लावलेला खिळा उभा करायचा आणि ओतायचं. आवडीने सगळं रीतीने केलं. एकेक शिसं निघत गेलं, ती ते दोरावर मांडत गेली, हातभर अंतरावर एक. आणि अगदी दोराच्या टोकाला येऊन एक शिसं कमी पडलं.

तिने टोपली झाडली. भांडं खरवडलं. वाळू चाळली. कुठे काही नाही. कोटात जाऊन यायला वेळ नव्हता, भरती चढायला लागली होती. पदराची गाठ तिला आठवत नव्हती असं नाही, गाठीकडे तिचा हात जात नव्हता. शेवटी तिने ती सोडली. दातांच्या त्या खुणेवरून बोट फिरवलं, आणि डोळे मिटून शिसं भांड्यात टाकलं.

शिसं वितळायला वेळ लागत नाही. खूण दिसेनाशी झाली तशी तिला हुंदका आवरेना. तोवर कातळही निवून गेला होता. ती खाली वाकली, खळग्यात खिळा उभा केला, आणि डोळ्यांतलं पाणी टपटप त्याच खळग्यात पडलं. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. तिने शिसं ओतलं मात्र, फाडकन आवाज झाला. खळगा चिरला, शिसं चहूकडे उडालं. तिच्या मनगटावर, गालावर भाजलं. पण भाजल्याचं दुःख कोणाला? रवळूची एवढी एक वस्तू होती, तीही आपल्या हाताने उधळली. ती कातळावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली.

आवाज ऐकून भागी आली. म्हातारीने एकदा थेंबांकडे बघितलं, एकदा सुनेकडे. मग शेजारी बसून आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"आये, ह्यांचा शिसा होता ता," आवडी म्हणाली. "दातांचा."

"ठावक आसा माका. खुंटयेवरसून गेला तेव्हाच कळला," भागी म्हणाली. "रडाचा आसात तर आदी रडान घे, बाय. शिसा मगे वत." आणि तिला घरी पाठवलं, भाजल्यावर खोबरेल लावून निजायला सांगितलं. "हयसर मी बघतंय."

सुईच्या टोकाने म्हातारीने सुटे थेंब उचलले, वाळूतले वेचले. जे कातळाला धरून बसले ते बसले. मग निखारे फुंकले, दुसऱ्या खळग्यात खिळा लावला, आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत ती एकटी इथे होती.

सकाळी आवडी उठली तर दोर पुरा झालेला. टोकाला बांधलेलं शिसं बाकीच्यांपेक्षा थोडं बारीक होतं. तिने ते हातात घेतलं. शिशावर दातांची खूण होती. दोन खळ्या आणि मध्ये फटीचा उंचवटा.

काहीजण म्हणतात, देवीने कौल दिला, वितळलेली खूण परत उमटली. तसं मानणाऱ्यांशी आम्ही भांडत नाही. पण असंही सांगतात की आवडी धावत चुलीपाशी गेली, तेव्हा भागी पेज गार करून, गालाच्या एका बाजूने हळूहळू पीत होती. खालचा ओठ सुजलेला. म्हातारीच्या तोंडात पुढचे चारच दात उरलेले, आणि वरच्या दोहोंत फट. रवळूला ती फट आईकडूनच आलेली. आवडीने तिच्याकडे बघितलं, भागीने मान वळवून पेजेत मीठ टाकलं. त्यावर दोघींनी एकमेकींना कधीही काही विचारलं नाही.

पुनवेला समुद्राला नारळ दिला आणि रापण सुटली. सगुण तांडेलाने आवडीचा दोर हाताने तपासला होता, बारीक शिशापाशी क्षणभर थांबून पुढे गेला होता. गाव ओढत होता. पट्टे एकामागून एक वर येत होते. आवडीचा पट्टा पाण्यातून निघाला तो तळाला घट्ट धरून, मासळीने जड झालेला. भागी गुडघाभर पाण्यात उभी होती. दोर हातातून सरकता सरकता ते शेवटचं शिसं तिच्या बोटांना लागलं. तिने मूठ आवळली. सगळी ओढ थांबली.

"इलो," म्हातारी म्हणाली. "इलो रे. माझो रवळू इलो!" आणि इतक्या दिवसांत न रडलेली भागी तोंड उघडून लहान पोरीसारखी रडली. आवडीने दोर सोडला, पाण्यात धावत गेली आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसले.

ही एवढी गोष्ट. आता रापणी उरल्यात किती? मोठ्या यांत्रिक बोटी येतात, बाहेरच्या बाहेर समुद्र खरवडून नेतात. पूर्वी ओढायला सगळा गाव असायचा, आता माणसं मोजून गोळा करावी लागतात. कधी कधी ते दिवस आठवले की हे सगळं नको वाटतं. पण आजही शिसं ओतायच्या दिवशी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई कातळावर बसते, येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे आपल्या पदराने पुसते आणि म्हणते, "रडाचा आसात तर आदी रडान घे." पोरं खिदळतात, पण पुसून घेतात. हंगामाच्या पहिल्या शिशावर पूर्वी ती दात उमटवायची. आता आमच्या शिकलेल्या नाती ओरडतात, आजी, शिसं विषारी असतं! म्हणून चाकूच्या टोकाने दोन खळ्या पाडतो, मध्ये फट ठेवून. पाण्याने वर्षभरात ती खूण झिजते, मग दुसऱ्या वर्षी नवी.

आणि आजही रापण ओढताना ते शिसं ज्याच्या हाताला लागतं, तो आधी ओरडतो. जाळ्यात किती मासळी आहे, ते आम्ही नंतर बघतो.