निळा छकडा आणि दोन मण दगड

फार पूर्वी, चाकं लाकडाची होती आणि बैलांपेक्षा वेगानं धावणारं वाहन कुणाला ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. मोरतळे नावाच्या गावात बयाजी नावाचा कासार राहत होता. बायकांच्या हातांत बांगड्या भरणं हा त्याचा धंदा होता, पण त्याचा जीव अडकलेला असायचा छकड्यांच्या शर्यतीत.

दरवर्षी सुगी आटोपली की पाच गावांचे पाच हलके छकडे मोरतळ्याला यायचे. गावाला लागून तळं होतं, त्याला तीन फेऱ्या मारायच्या. दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येकानं घाटावर थांबायचं, बैलांना पाणी पाजायचं, चाकं काढून आसाला वंगण घालायचं आणि मगच तिसऱ्या फेरीला सुटायचं. जिंकणाऱ्याला एक हिरवा फेटा मिळायचा. बाकी काही नाही. पण त्या फेट्यासाठी पाच गावं वर्षभर झुरायची.

बयाजीनं एकतीस वर्षांत एकही शर्यत चुकवली नव्हती. घाटाच्या वरच्या पायरीवर त्याची बसायची जागा ठरलेली होती आणि शेजारी त्याचा बालमित्र सुभान तांबोळी बसायचा. बयाजी आपल्या गावच्या पिवळ्या छकड्याचा, तर सुभान उंबरमाळच्या निळ्या छकड्याचा चाहता.

उंबरमाळ म्हणजे डोंगरावरची जेमतेम बारा घरांची वाडी. पण गेली सहा वर्षं हिरवा फेटा त्याच वाडीत जात होता. पहिल्या वर्षी लोकांनी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या वर्षी टाळ्या वाजवल्या. चौथ्या वर्षी जांभया यायला लागल्या. सहाव्या वर्षी तर पहिल्या फेरीलाच निळा छकडा इतका पुढे गेला की तळ्याचा अर्धा काठ रिकामा झाला. लोक उठून भजी खायला गेले.

त्या दिवशी बयाजी आणि सुभान यांचा वाद जुंपला.

"शेवट आधीच ठाऊक असेल तर शर्यत बघायची कशाला?" बयाजी म्हणाला.

"तू शेवटच बघतोस, ही तुझी चूक आहे," सुभान म्हणाला. "निळा छकडा वळणावर कसा वळतो ते बघ. चाक जमिनीला रेघ मारल्यासारखं फिरतं. असं काम बघायला नशीब लागतं!"

"रोज पुरणपोळी वाढली तरी माणूस भाकरी मागतो रे."

"तू भाकरी मागत नाहीस. तू दुसऱ्याच्या पानातली पोळी काढायला निघालायस."

हा वाद काही दोघांचाच नव्हता. बाजारात, पाणवठ्यावर, देवळाच्या ओट्यावर, जिकडेतिकडे हेच चाललं होतं. कुणी म्हणे, निळ्यानं शर्यतीची शान वाढवली. कुणी म्हणे, निळ्यानं शर्यत मारून टाकली. शेवटी पाच गावांचे पंच मोरतळ्याच्या चावडीत जमले. एकानं तोडगा सुचवला, "पुढच्या वर्षी निळ्या छकड्यात दोन मण दगड ठेवू. म्हणजे सगळे बरोबरीत येतील."

उंबरमाळला या बाबतीत मत नव्हतं. उरलेल्या चारांपैकी दोन गावं हो म्हणाली, एक नाही म्हणालं. आता मोरतळ्याचं मत राहिलं. मोरतळेही नाही म्हणालं, तर बरोबरी होऊन बेत बारगळणार होता. पाटील म्हणाले, "आमच्या गावात बयाजीइतक्या शर्यती कुणी बघितलेल्या नाहीत. तो म्हणेल ते मोरतळ्याचं मत."

सगळ्या माना बयाजीकडे वळल्या. सुभान दाराशी उभा होता. त्याची नजरही बयाजीवरच होती.

बयाजीच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक त्यानं बोलून दाखवली. "लोक उठून जातायत. शर्यतीत रंगत राहिली पाहिजे." दुसरी त्यानं गिळून टाकली. मरायच्या आधी पिवळ्या छकड्याला एकदा तरी जिंकताना बघायचं होतं त्याला.

"ठेवा दगड," तो म्हणाला.

सुभान चपला घालून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

वर्ष सरलं. शर्यतीचा दिवस उजाडला. पंचांनी निळ्या छकड्यात दगड चढवले. निळ्या छकड्याची सगळी व्यवस्था चांगुणा नावाची बाई बघायची. चाक करणं, आस बसवणं, बैल निवडणं, सगळं तिच्या हातचं. छकडा हाकायचा तिचा धाकटा भाऊ. ती भांडेल, रडेल, निघून जाईल, असं लोकांना वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दगड पुढे ठेवू नका, आसाच्या बरोबर वर ठेवा. नाहीतर सगळा भार बैलांच्या मानेवर येईल."

पंचांनी खाली मान घालून दगड मागे सरकवले.

शर्यत सुटली. पहिली फेरी निळ्यानं कशीबशी पुढे काढली. दुसऱ्या फेरीत त्याचे बैल दमले. तिसऱ्या फेरीत तांबडा छकडा पुढे गेला, मग पिवळा तांबड्याच्याही पुढे गेला आणि पिवळाच पहिला आला!

ढोल वाजले, गुलाल उडाला. बयाजी इतक्या वर्षांत कधी नाचला नव्हता. त्यानं नाचायला हात वर केले, पण पाय काही उचलेनात. आजूबाजूचेही दोन उड्या मारून थांबले. एवढ्या गर्दीत मागून कुणीतरी सहज म्हणालं, "दगड नसते तर?" आणि ढोलाचा ठेकाच चुकला.

पिवळा छकडा हाकणारा रखमाजी सुतार हिरवा फेटा हातात घेऊन घाटावर आला. तो त्यानं डोक्याला बांधला नव्हता. बयाजीसमोर उभं राहून त्यानं विचारलं, "बयाजीदादा, खरं सांगा. मी जिंकलो का?"

बयाजीनं फेट्याचा लोंबता शेव उचलून त्याच्या हातात दिला.

एवढ्यात पलीकडे आरडाओरडा सुरू झाला. तांबड्या छकड्याचे लोक पंचांना घेरून म्हणत होते, "आता पुढच्या वर्षी पिवळ्यातही दगड ठेवा! तो पहिला आला ना!" कुणी म्हणे एक मण, कुणी म्हणे तीन मण. शर्यत कशी झाली यावर कुणी बोलत नव्हतं. बोलणं सगळं दगडांवर चाललं होतं. सुभानच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती. बयाजी लांबच्या पायरीवर बसला होता.

आठ दिवस बयाजीला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यानं बांगड्यांचं ओझं पाठीवर घेतलं आणि उंबरमाळची वाट धरली. बांगड्या भरणं हे निमित्त होतं. त्याला बघायचं होतं की ही माणसं जिंकतात तरी कशी. बैलांना काही चारतात, की चाकाला काही मंतरतात?

चांगुणा अंगणातच होती. तिनं दोन गड्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या. गडी छकड्याच्या दोन्ही बाजूंना बसून तसेच न बघता चाक काढत होते, वंगण घालत होते, चाक परत बसवून खीळ ठोकत होते. चाक सैल बसलं की चांगुणा म्हणायची, "परत." पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बयाजीला पाहून ती हसली. "या कासारमामा! पाणी घ्या."

"हे काय चाललंय, पोरी?"

"घाटावरच्या थांब्याची तयारी. घाईत डोळे भलतीकडेच बघतात. हातांना ठाऊक असलं की चूक होत नाही. तुमच्या गावचा गडी दरवर्षी वंगणाचं भांडं शोधण्यात किती वेळ घालवतो, बघितलंय का कधी?"

बयाजीनं इतक्या वर्षांत ते कधी बघितलं नव्हतं. त्या वेळी तो सुभानशी भांडत असायचा.

चांगुणानं त्याला सगळं दाखवलं. चाक फिरवून ती कान लावून ऐकायची आणि आस कुठे घासतो ते सांगायची. बैल तिनं धिप्पाड घेतले नव्हते, एका चालीचे घेतले होते. वळणं डोंगरउतारावर शिकवली होती. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"अगं, हे तू असं कुणालाही दाखवतेस?" बयाजीनं न राहवून विचारलं.

"विचारायला आलंय कोण? सगळे म्हणतात निळा पुढे जातो. कसा जातो, हे विचारणारे तुम्ही पहिलेच." चाकावरचा हात काढून ती म्हणाली, "खरं सांगू का मामा? लोकांना कंटाळा येतो म्हणतात. आम्हालाही येतो. माझा भाऊ म्हणतो, पुढे एकट्यानं धावताना स्वतःच्याच चाकांचा आवाज ऐकू येतो. मागून कुणीतरी यायला हवं."

बयाजीचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "दगड ठेवायला मीच सांगितलं होतं, बाई."

"ठाऊक आहे," चांगुणा म्हणाली. "त्या बांगड्या काढा बरं. हिरव्या आहेत का?"

तिच्या हातांत बांगड्या भरून बयाजी डोंगर उतरला तो थेट सुभानच्या दुकानात गेला. सुभाननं वर बघितलं नाही. पानाला चुना लावत राहिला.

"सुभान, मी खोटं बोललो," बयाजी म्हणाला. "रंगत, लोक, ते सगळं नंतरचं होतं. मला पिवळा जिंकायला हवा होता."

सुभाननं विडा बांधला आणि पुढे केला. "मला काय सांगतोस? मला तेव्हाच कळलं होतं. पंचांना सांग."

आणि बयाजीनं भर चावडीत सांगितलं. सांगताना कान तापले, पण सांगितलं. तो म्हणाला, "दगड काढा. आपला छकडा हळू आहे तो आपल्यामुळे. निळ्याला मागे ओढून आपली चाकं जोरात फिरत नाहीत." पाटलांनी मोरतळ्याचं मत बदललं. दोन्ही बाजूंना दोन-दोन गावं झाली आणि दगड निघाले. रखमाजीनं हिरवा फेटा आपल्या हातानं उंबरमाळला नेऊन दिला.

फेटा द्यायला छकडा घेऊन गेलेला रखमाजी तिथे तीन दिवस राहिला. चांगुणानं त्याचा छकडा तपासला आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही सुतार ना? आस बोटभर वाकडा आहे! इतकी वर्षं तुमचे बैल छकडा तिरका ओढतायत." रखमाजी लाजला, पण पुन्हा गेला. मग त्याचे गडीही गेले. हिवाळाभर मोरतळ्याच्या अंगणात डोळ्यांना पट्ट्या बांधून चाकं काढणं चाललं. एकाचं बोट चेचलं, एकानं अंधारात बैलाच्याच पायाला वंगण फासलं. गाव हसलं. बयाजी रोज जाऊन बसायचा आणि चांगुणाच्या आवाजात म्हणायचा, "परत."

पुढची सुगी आली. शर्यत सुटली. निळा पुढे गेला, पण या वेळी पिवळा त्याच्या चाकाला चाक लावून होता. पहिली फेरी, दुसरी फेरी, भजीवाल्याकडे एक माणूस फिरकला नाही. खुद्द भजीवाला कढई उतरवून घाटावर येऊन उभा राहिला. थांब्यावर दोन्ही छकडे एकदम शिरले. पाणी, चाक, वंगण, खीळ! आणि दोन्ही एकदम सुटले. अख्खं तळं ओरडलं.

तिसऱ्या फेरीत कधी निळ्याच्या बैलांची शिंगं पुढे, कधी पिवळ्याच्या. बयाजीनं सुभानचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर बोटं उमटली. शेवटच्या वळणावर निळा आतून वळला, पिवळा बाहेरून, आणि रेघ ओलांडताना निळ्याची जोडी पुढे होती. एका वितीनं!

निळा पुन्हा जिंकला होता. पण या वेळी बयाजी नाचला. गुडघे दुखत असतानाही नाचला. रखमाजी छकड्यातून उडी मारून चांगुणाच्या भावाच्या गळ्यात पडला. "मागून आवाज आला का रे?" त्यानं विचारलं. भाऊ धापा टाकत म्हणाला, "मागून कुठला, कानातच होता की!" चांगुणा बाजूला उभी राहून पदरानं डोळे टिपत हसत होती.

सुभान मात्र पायरीवर मटकन बसला होता. त्याचा चेहरा घामानं थबथबला होता.

"काय रे, तुझा निळा जिंकला की!" बयाजी म्हणाला.

"इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडलो की मला कंटाळा येत नाही," सुभान हळूच म्हणाला. "येत होता रे. निळा हरेल अशी भीती आज पहिल्यांदा वाटली. आणि तो जिंकल्याचा आनंदही आजच झाला."

बयाजीनं त्याला हात देऊन उठवलं. शेवटच्या वळणावर रखमाजीनं बाहेरून जायला नको होतं, असं एक म्हणाला. जायलाच हवं होतं, असं दुसरा म्हणाला. आणि दोघं भांडत भांडत घराकडे निघाले.

तात्पर्य एवढंच, की पुढे गेलेल्याच्या गाडीत दगड टाकून खेळ रंगत नाही. त्याच्याकडे जाऊन शिकलं आणि आपली गाडी पळवली, म्हणजे हरणाऱ्यालाही सुख होतं आणि जिंकणाऱ्यालाही.