पोपटरावांच्या नेटचा बिघाड

आधीच हात जोडून सांगतो, शुद्धलेखनात माझ्या चुका होतात. नववीत शाळा सुटली, तेव्हा जड शब्दही फारसे येत नाहीत. जे सांगायचं आहे ते साध्या भाषेत सांगतो. चुकलंमाकलं पोटात घालावं.

एकदा एक लाजाळू तरुण एका वृद्धाकडे नेतृत्वाची विद्या शिकू लागला. हे नेतृत्व राज्याचं नव्हतं आणि पक्षाचंही नव्हतं. संगणकावर एक खेळ असतो. त्यात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच नगरीत वावरतात. कुणी योद्धा होतो, कुणी वैद्य, कुणी तिरंदाज. ओळखीपाळखीची माणसं एकत्र येऊन टोळी बांधतात, तिला गिल्ड म्हणतात. पंचवीस जणांनी एका वेळी राक्षसाच्या किल्ल्यावर चालून जायचं, ही मोहीम. एकाचं पाऊल चुकलं तर पंचवीस मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

वृद्ध नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले होते. वेळ जावा म्हणून नातवाने खेळ दाखवला. नातू कंटाळला, आजोबा रमले. त्यांनी गिल्ड स्थापन केली. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्याच गावात तो तरुण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याची मान वर होत नसे. पण कानाला हेडफोन लागला की तोच मुलगा चोवीस माणसांना असा हाकत असे, की तात्याही थक्क होत. त्यांनी त्याला सेनापती केलं. माणसं घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार दिला. साऱ्या जगात एवढी एकच जागा होती जिथे लोक त्याच्या शब्दाची वाट पाहत.

गिल्डमध्ये पहिल्या दिवसापासूनचा एक माणूस होता. शेजारच्या तालुक्यातल्या एसटी डेपोत तो कंडक्टर होता. खेळातलं त्याचं नाव पोपटराव, कारण तोंड बंद म्हणून नसे. राक्षस समोर आला की हा माइकवर ओरडे, "अहो, पुढं सरका, पुढं सरका, आत जागा आहे!" ऐन लढाईत माणसं हसत. पण त्याचं नेट संथ होतं. सेनापतीने "उजवीकडे" म्हटलं की पोपटराव दोन क्षणांनी उजवीकडे जात.

"पोपटराव, पुन्हा उशीर!"

"काय करू सेनापती, आमचा टॉवर डोंगरापलीकडं. तुमची हाक घाट चढून येईस्तोवर मी मेलेला असतो!"

सगळे हसले. सेनापती हसला नाही. सलग सात रविवार मोहीम फसली होती, आणि त्यातल्या चार वेळा पोपटरावांच्या उशिराने. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्याने यादी उघडली, पोपटरावांच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांना काढून टाकलं. सांगायचं कसं हे त्याला सुचेना. उद्या सांगू म्हणाला, आणि तो उद्या उजाडलाच नाही.

दोन दिवसांनी निरोप आला. 'सेनापती, यादीत माझं नाव दिसंना. माझ्याकडं काही बिघाड आहे का?'

तरुणाने तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. मग लिहिलं, 'बिघाड असेल. बघतो.'

त्यांच्या जागी एक चपळ माणूस आला. मोहीम सुधारली. पाचव्या रविवारी दुपारी राक्षसाचा प्राण शेवटच्या रेघेवर आला. सेनापतीचा आवाज चिरकत होता. "थांबा... थांबा... आता! सगळे आता!" राक्षस कोसळला. चोवीस गळ्यांतून एकदम आरोळी उठली. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणाच्या घरात ताट वाजत होतं. एक जण ओरडला, "सेनापती, तुम्ही म्हणजे..."

आणि सगळं बंद.

हेडफोनमध्ये एकही आवाज नाही. पडद्यावर एक ओळ उमटली, 'आपण आता या गिल्डचे सदस्य नाही.' त्याने ती वाचली, पण डोक्यात काही शिरेना. तो स्वतःला खुळ्यासारखा समजावू लागला, की नेट गेलं असेल. राउटर बंद करून चालू केला. वायर काढून पुसून पुन्हा लावली. शेजाऱ्यांच्या नेटवरून पाहिलं, मग खेळच काढून नव्याने टाकला. तीच ओळ. शेवटी त्याने तात्यांना फोन लावला.

"तात्या, मी बाहेर पडलोय! यादीतून माझं नावच गेलंय. राक्षस पडला त्याच क्षणी. असं कसं होईल?"

"बिघाड असेल," तात्या म्हणाले. "बघतो."

फोन ठेवला गेला.

तरुणाला पहिल्यांदा हायसं वाटलं. चला, तात्या बघतायत. तो कॉटवर टेकला, आणि मग ते शब्द त्याला ओळखीचे वाटले. कुठे ऐकलेत? ऐकले नव्हते, लिहिले होते. चप्पल घालायचं भान राहिलं नाही. गल्ली ओलांडून तो तात्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा पाय धुळीने भरले होते.

तात्या पडवीत शेंगा निवडत बसले होते.

"तुम्ही काढलंत मला."

"हो."

"जिंकलो त्या क्षणी? तात्या, दोन वर्षं राबलोय मी! चूक झाली तर ओरडायचं, कानाखाली मारायची. पण असं..."

"बस. पाणी पी आधी." तात्यांनी तांब्या पुढे सरकवला. "काल पोपटरावाचा फोन आला होता. तुझी चौकशी करत होता."

तरुण तांब्या तसाच धरून राहिला.

"तेव्हापासून दर रविवारी तो बदली ड्युटी देऊन घरी थांबतोय. जुनं सिमकार्ड टाकून नवीन घेतलं. मुलाचा मोबाइल मागून पाहिलं. तो पुतण्याबरोबर गच्चीवर पत्र्याला तार बांधत होता, रेंज यावी म्हणून. आपण किल्ल्यावर जातो तेव्हा नगरीच्या वेशीपाशी एकटाच उभा राहतो म्हणाला, न जाणो बिघाड सुटला आणि हाक आली तर. आणि वर मला काय सांगतो माहीत आहे? 'सेनापतीला घाई करू नका हो तात्या. पोरगं गुणी आहे, बघतो म्हणालंय.'"

वेशीपाशी पोपटरावांना त्यानेही पाहिलं होतं. दोन वेळा. दोन्ही वेळा तो घोडा वळवून मागच्या दाराने गेला होता.

"मी उघडून पाहिलं," तात्या म्हणाले. "कुणी कुणाला काढलं याची नोंद राहते तिथे. तुझं नाव दिसलं आणि मीच हादरलो. म्हातारा असून मला पाच आठवडे कळलं नाही, रेंज नाही म्हणून येत नसेल असं धरून चाललो. दोष माझाही आहे."

"त्यांचं नेट चालत नव्हतं, तात्या. पंचवीस माणसं मरत होती."

"म्हणून तू त्याला काढलंस, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पुढे चालणाऱ्याला कधी कुणाला मागे ठेवावं लागतं. तोंडावर सांगितलं असतंस तर पोपटराव चिडला असता. दोन शिव्या हासडल्या असत्या, आणि आठवड्यात दुसरी टोळी गाठून तिथे बडबड सुरू केली असती. पण तू त्याला बिघाड शोधायला लावलंस. जो बिघाड नाहीच, तो माणूस कुठे शोधणार? तारेत शोधतो, मोबाइलमध्ये शोधतो, शेवटी स्वतःत शोधायला लागतो, आणि त्याला अंत नसतो. तू आज किती वेळ शोधलास?"

"अर्धा तास."

"तो पाच आठवडे शोधतोय."

तात्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, सदऱ्याला हात पुसले आणि मोबाइल उघडला. यादीत तरुणाचं नाव परत घेण्याची खूण समोर होती.

"आत सगळे खोळंबलेत. सेनापती कुठे म्हणून कल्ला चालला आहे. घेऊ परत? एका बोटाचं काम आहे."

तरुणाचा जीव त्या बोटात अडकला होता. 'घ्या' हा शब्द त्याच्या ओठांवर आलासुद्धा. मग त्याने मान हलवली.

"आज नको, तात्या. पोपटराव कुठल्या गाडीवर असतात?"

"सकाळी सव्वासातची, घाटातून जाणारी. फोन आहे की त्याचा माझ्याकडे, देऊ का?"

"नको," तरुण म्हणाला. "फोनवर मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलेन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो त्या डेपोत पोचला आणि सव्वासातच्या गाडीत मागच्या बाकावर बसला. थोड्या वेळाने तिकिटाचं यंत्र गळ्यात अडकवलेला, पोट सुटलेला, पिकल्या मिशांचा माणूस बाकाबाकाला काहीतरी बोलत मागे आला.

"कुठलं देऊ?"

तरुणाने नुसती नोट पुढे केली.

"अहो पाव्हणं, नोट बघून गाव कळत नाही मला. तोंड उघडा की!"

"पोपटराव," तरुण म्हणाला.

यंत्रावरचा हात थांबला. त्या माणसाने हा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण हा आवाज दोन वर्षं कानात घेऊन तो लढला होता. मिशांखाली हसू पसरत गेलं.

"सेनापती? तुम्ही? आणि इथं? अहो, सापडला का बिघाड?"

गाडी घाटाला लागली होती. तरुण बाकावरून उठला, वरची दांडी धरली, आणि चढावर डोलणाऱ्या त्या गाडीत साऱ्या माणसांदेखत, मान वर ठेवून म्हणाला, "बिघाड नव्हता, पोपटराव. तुम्हाला मी काढलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो."