डावीकडचा खडा

"पण सर, श्रेष्ठ रीत कुठली? पाठीला भोक पाडून खडा काढायची माझी, की लघवीच्या वाटेनं दुर्बीण सारून लेसर मारायची त्याची?"

मिरजेतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून टेंबे सर हुलग्याचं कढण फुंकून फुंकून पीत होते.

मुतखडा कसा काढावा हे अर्ध्या जिल्ह्याच्या सर्जनांना शिकवलेला हा म्हातारा. श्रीरंग घाटगे त्यांचा थोरला शिष्य, इरफान मुजावर धाकटा. गुरू एकच, पण इरफानच्या दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग दिसला की श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"टाका नाही, डाग नाही, म्हणून लोक भुलतात," तो म्हणाला. "मोठा खडा असला की बसतो भुगा करत, दोन-दोनदा बोलावतो पेशंटला. मी करंगळीएवढ्या भोकातून एका दमात मोकळं करतो."

"खरं आहे," सर म्हणाले.

एवढ्यानं समाधान व्हायला हवं होतं. पण मत्सराचं पोट भरलं तरी त्याची नजर शेजारच्या ताटातच.

"मग तुम्हाला खडा झाला, तर आधी त्याच्याकडे का गेलात?" श्रीरंगचा आवाज चिरकला. "बारा वर्षं तुमच्या हाताखाली उभा राहिलो मी, सर. आणि मला हे कंपाउंडरकडून कळावं?"

सरांनी वाटी खाली ठेवली. शेजारचा लिफाफा उघडून स्कॅनची फिल्म त्याच्या हातात दिली.

श्रीरंगनं ती उजेडाकडे धरली. डाव्या मूत्रपिंडात बोराएवढा खडा. उजव्यात एक हरभऱ्याएवढा.

"डावीकडचा माझाच!" तो बोलून गेला.

"आत चिठ्ठी आहे. वाच."

अक्षर इरफानचं होतं. 'डावीकडचा खडा श्रीरंगदादांनी काढावा. या कामात त्यांच्यासारखा हात माझा नाही. उजवीकडचा लहान आहे, त्याला भोक नको. तो मी लेसरनं काढतो.'

श्रीरंगनं चिठ्ठी दोनदा वाचली. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. शेवटचं वाक्य तेवढं सलत राहिलं. सर बरे झाले की गाव दोघांचं नाव घेणार. अर्धे सर आपले, अर्धे त्याचे…

"सर, दोघं कशाला? एकाच भुलीत दोन्ही बाजू मीच करतो."

"उजवीकडेही भोक?"

"हो."

"हरभऱ्याएवढ्या खड्याला?"

श्रीरंगनं मान खाली घातली. "तुम्हाला त्याच्या टेबलावर झोपलेलं मला बघवणार नाही, सर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग त्यांनी हात पुढे करून फिल्म परत घेतली, लिफाफ्यात सरकवली.

"मग दोन्ही इरफानच करेल."

"पण डाव्या खड्याला माझा हात चांगला! तुम्ही आत्ताच कबूल केलंत. अहो, त्यानं स्वतः लिहून दिलंय!"

सर कमरेवर तळवा दाबत सावकाश उठले.

"लिहून दिलंय ना… म्हणून तर."