आबांनी मागितलेला जुना काळ

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते आता कुणालाच आठवत नाही. पण माणसं तेव्हाही 'पहिल्यासारखं काही राहिलं नाही' असंच म्हणत होती, एवढं मात्र नक्की.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा राहत होता. सगळे त्याला आबा म्हणत. आबांनी तीन राजे पाहिले होते. पहिला आजा, मग त्याचा मुलगा आणि आता नुकताच गादीवर बसलेला नातू. आबांच्या मते राज्य करणं फक्त आज्याला जमलं, बाकीच्यांनी नुसतीच गादी अडवली.

सकाळी ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ठेवत. "आज्याच्या राज्यात ताक कसं दाट असायचं! आणि आता? पोरं पायताणं घालून चावडीत शिरतात, सुना सासऱ्यांसमोर खो खो हसतात, पाणचक्कीच्या पिठाची भाकरी घशाखाली उतरत नाही. सगळा या नव्या राजाचा प्रताप!"

नव्या राजाला गादीवर बसून अजून धड महिनाही झाला नव्हता. पण आबांना हिशेब कोण विचारणार? विचारायची फक्त त्यांची बायको, आजी.

"अहो, आज्याच्या राज्यात तुम्ही आज्याच्या बापाचे गोडवे गात होता."

"ते वेगळं होतं," असं म्हणून आबा विषय बदलत.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि लाकडी पूल मोडून गेला. पलीकडच्या काठावर आबांच्या एकुलत्या एक लेकीचं सासर होतं. तिला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. आजीनं डिंक, मेथ्या, बाळंतविडा सगळं तयार ठेवलं होतं. पण नदीला ओढ अशी की नाव घालायची कुणाची छाती होईना.

सुदैवानं त्या राज्यात एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की प्रत्येक गावातल्या सगळ्यात वयस्क माणसानं दरबारात जाऊन गावासाठी एक मागणं मागायचं. राजा तोंडात विडा घालायचा आणि तो चघळून होईपर्यंत ऐकायचा. विडा संपला की शिंग वाजायचं आणि बोलणं बंद. पुन्हा मागणं पुढच्या राजाच्या वेळी.

"आबा, पूल मागा," गावकऱ्यांनी बजावलं. आजीनं तर दारात वाट अडवली. "लेक पलीकडे अडकलीय. 'पूल' एवढा एकच शब्द बोला आणि परत या."

"मला काय शिकवतेस? दरबार पाहिलेला माणूस आहे मी!" आबा म्हणाले. खरं तर त्यांनी दरबार बाहेरूनच पाहिला होता.

दरबारात आबांची पाळी आली. राजानं विडा तोंडात घातला आणि तो म्हणाला, "बोला आजोबा, ऐकतोय."

ऐकतोय! हा शब्द आबांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना भरूनच आलं. ते दाट ताकापासून सुरू झाले. मग पायताणं आली, सुना आल्या. "महाराज, तुमच्या आजोबांच्या राज्यात आम्ही नदी भोपळ्यांच्या सांगडीवरून ओलांडायचो. पुलाचे लाड नव्हते!" सोबत आलेल्या गावच्या पाटलांनी मागून कोपरखळी मारली. राजाचा विडा संपत आला. आबा गडबडले आणि म्हणाले, "थोडक्यात काय, सगळं पहिल्यासारखं करा!"

राजा खूश झाला. सकाळपासून ज्याचं त्याचं विहीर माग, तलाव माग असं चालू होतं. हे पहिलंच मागणं, ज्याला कवडीचाही खर्च नव्हता. "मंजूर!" तो म्हणाला आणि शिंग वाजलं.

लवकरच राजाची माणसं गावात आली. त्यांनी पाणचक्कीला कुलूप ठोकलं. बाया पुन्हा जात्यावर बसल्या आणि प्रत्येक घासाला आबांचा उद्धार होऊ लागला. पुलाचे उरलेसुरले खांब काढले गेले आणि घरटी वाळके भोपळे वाटले गेले. वसुलीचा कारकून घोड्यासकट आबांच्या ओसरीवर उतरला, कारण आज्याच्या नियमानं त्याचा मुक्काम गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे असे. आबा तरणे असताना हा पाहुणचार दुसऱ्या कुणाच्या तरी माथी होता, म्हणून त्यांना तो आठवत नव्हता. घरातलं सगळं दाट ताक आता कारकून प्यायचा.

शेवटी आबांनीच कंबर कसली. भोपळे एकत्र बांधून सांगड केली आणि लेकीला आणायला नदीत उतरले. भोपळे पुढं गेले, आबा चिखलात राहिले. गावकऱ्यांनी त्यांना बखोटीला धरून ओढून काढलं. पलीकडच्या काठावर लेक अवघडल्या अंगानं उभी होती. "आबा, घरी जा हो! थंडी भरेल!" ती ओरडली. आबांना तोंड वर करवेना.

ते तसेच राजधानीला निघाले. फाटकावर पहारेकऱ्यानं त्यांच्या डोक्यावर एक धोंडा ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या गावाला आज्यांचा कायदा लागू आहे ना? त्यात गाऱ्हाणं आणणाऱ्यानं आधी धोंडा घेऊन उन्हात उभं राहायचं. तुम्हाला तर ठाऊकच असेल."

"मी तेव्हा कधी गाऱ्हाणं घेऊन आलोच नव्हतो रे," आबा पुटपुटले.

दुपारी राजाची स्वारी तिथून निघाली. त्यानं आबांना ओळखलं आणि घोडा थांबवला. "आजोबा, एकदा नीट सांगा. माझ्या आजोबांच्या राज्यात चांगलं होतं तरी काय?"

आबांनी पुष्कळ विचार केला. डोक्यावर धोंडा असला की माणूस उगाच लांबण लावत नाही.

"महाराज, माझे गुडघे चांगले होते," ते म्हणाले. "दातही होते. बाकी बहुधा सगळं असंच होतं. मी गावाचं मागणं वाया घालवलं. मला पूल हवाय, माझी लेक पलीकडे आहे."

राजानं खाली उतरून स्वतःच्या हातानं धोंडा काढला, गावावरचा आज्यांचा कायदा उठवला आणि त्याच दिवशी सुतार धाडले.

पण पूल काही एका दिवसात होत नाही. लेक सासरीच बाळंत झाली. नातवाचं बारसं पलीकडच्या काठावर झालं. आजी-आबा अलीकडे उभे राहिले आणि वाऱ्यानं आणले तेवढेच पाळण्याचे शब्द त्यांनी ऐकले. आजी त्या दिवशी आबांना एका शब्दानंही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं.

पूल उभा राहिला तेव्हा बाळ मान धरू लागलं होतं.

तात्पर्य: गेलेलं तारुण्य राजाकडे मागू नये; जे आज हवं आहे तेच मागावं, आणि तेही वेळेवर.