पाच, पण कशातले?

सोळा सोमवार धरले होते तेव्हा चुरम्यासाठी अर्धा शेर कणीक काढायची होती, म्हणून मी सासूबाईंकडून आधी त्यांचं शेराचं माप मागून घेतलं होतं. कणीक मापताना अजूनही एका शिष्याची ही गोष्ट मनात येते.

एकदा एक शिष्य मठाच्या मळ्यातली माती आणि गावविहिरीचं पाणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत देऊन आला. दोन्हींत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजल्या पालापाचोळ्याचा अंश, किती आहे ते पाहायचं होतं. निकाल फोनवर कळला: मातीत अर्धा, पाण्यात पाच. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. मातीच्या दहापट कर्ब पाण्यात! धावत जाऊन त्याने विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

बायका रिकाम्या कळश्या घेऊन खोळंबल्या. दुसरं पाणी टेकडीपलीकडच्या ओढ्याला, तेही आटत आलेलं. त्यांच्यातली सुंदराक्का म्हणाली, "महाराज, या काट्यांनी लेकरांची तहान भागवू का?" त्याला स्वस्थ बसवेना. विहीर कायमची बुजवण्याची आज्ञा घ्यायला तो मठात आला.

वृद्ध गुरुजी चुलीवरची आमटी ढवळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.

"यात मीठ घाल. पाच."

"पाच काय, गुरुजी?"

"पाच."

बरणी हातात धरून शिष्य चुळबुळत राहिला. अखेर म्हणाला, "चिमट्या की मुठी, ते तरी सांगा. सगळी आमटी वाया जाईल."

"आमटी वाया जाईल म्हणून माप विचारलंस," गुरुजी म्हणाले. "गावाचं पाणी तोडताना नाही विचारलंस. अरे, मातीचा कर्ब टक्क्यांत सांगतात. अर्धा टक्का म्हणजे किलोभर मातीत पाच ग्रॅम. पाण्यातला सांगतात लिटरला, म्हणजे किलोभर पाण्याला, इतके मिलिग्रॅम असा, आणि हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम होतो. म्हणजे मातीतच हजारपट झाला की. पाणी पिण्याजोगं आहे का, ते तपासणाऱ्यांना विचार. पण या हिशेबावर विहीर बुजवू नकोस."

शिष्याने पुन्हा फोन लावला आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मापं गुरुजींनी सांगितली तीच होती, आणि पाणी पिण्यास योग्य होतं. तो विहिरीवर गेला आणि फांद्या उपसू लागला. हात रक्ताळले, पण जिवाची तगमग निवत गेली. सुंदराक्काने कळशी पुढे केली, ती त्याने भरून दिली.

आपल्याही कानांवर रोज भिववणारे आकडे पडतात. घाबरण्याआधी आणि दुसऱ्याला घाबरवण्याआधी तुम्हीही एवढं नक्की विचारा: कोणत्या मापाने, आणि कशात?