मंजुरीसाठी थांबलेली पोस्ट

“मग बंदच करून टाकू का, बाबा?”

खैरनार सरांनी पुन्हा विचारलं. नदीपलीकडच्या टेकाडावरचा मठ. दुपार कलायला लागलेली. संध्याकाळी पंगत होती, म्हणून सिद्धबाबा ओसरीवर मेथी निवडत बसले होते. त्यांनी एक जुडी सरांपुढे सरकवली.

“काय बंद करतोस, मास्तर?”

“ब्लॉग. सातवीच्या वर्गाचा.”

“म्हणजे काय असतं ते?”

या प्रश्नानंच सर दमले. हे समजावून सांगता सांगता तालुकाभर त्यांची जीभ झिजली होती.

“इंटरनेटवर वर्गाचं एक पान असतं, बाबा. मुलांनी आपल्या मनातलं त्यावर लिहायचं. बाकीच्या मुलांनी, आईबापांनी वाचून खाली आपलं मत द्यायचं. त्यातून मूल लिहितं होतं, बोलतं होतं. भाषणात मी असंच सांगतो.”

“आणि होतं का?”

सर मेथीची पानं खुडत राहिले.

खरं सांगायचं तर दुकानाची पाटी झळकत होती आणि आत माल संपला होता. ब्लॉगचं कौतुक झालं होतं, पेपरात सरांचा फोटो छापून आला होता, आणि उद्या सकाळी आसपासच्या शाळांचे शिक्षक हा प्रयोग बघायला येणार होते. आणि वर्गात एकही पोर काही लिहायला तयार नव्हतं.

“पहिल्यांदा तर झुंबड उडायची,” सर म्हणाले. “आता विषय दिला की माना खाली. लिहिलंच तर सगळ्यांचं एकच. ‘आमची शाळा निसर्गरम्य परिसरात वसलेली आहे.’”

“आहे का?”

“शेजारी वीटभट्टी आहे, बाबा.”

बाबा खुदकन हसले.

“मग पोरांना हे निसर्गरम्य कुठून सापडलं?”

“मीच घातलं होतं,” सर म्हणाले. “एकाच्या लिखाणात. म्हटलं, बाहेरचे लोक वाचतात, जरा बरं दिसावं. मुलांचं लिखाण आधी माझ्याकडे येतं. मी मंजुरी दिली की मगच पानावर दिसतं. तशी सोयच असते त्यात. मग मी रात्री बसून सगळ्यांचं नीट करतो. जांभया देत करतो, पण करतो.”

“माझा बाप कापडाच्या दुकानात बसायचा,” बाबा म्हणाले. “फार सज्जन माणूस. गिऱ्हाईकाला घासाघीस करताना संकोच वाटू नये म्हणून त्याच्या वतीनं तोच घासाघीस करायचा. भाव तोच सांगायचा, ‘अहो शेटजी, जास्त होतात’ हेही तोच म्हणायचा, आणि कमीही तोच करायचा. गिऱ्हाईक आपलं उभं.”

“मग दुकान चाललं?”

“स्वच्छ राहिलं.”

सरांना हसू आलं नाही. ते इथवर आले होते ते एका मुलीच्या बोलण्यानं, आणि ते बोलणं अजून तोंडातून बाहेर पडत नव्हतं. दुखऱ्या दाढेवरून जीभ फिरावी तसे ते बाकीचंच बोलत राहिले. नेट नसतं. पालकांना वेळ नाही. वरून कागद मागतात.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कोण आहे?”

“कोण म्हणजे?”

“ज्याच्यामुळे आलास तो.”

सरांनी हातातली काडी टाकून दिली.

“तनुजा म्हणून मुलगी आहे. वर्गातली सगळ्यात बडबडी. तिची शेळी मेली. तिनं लिहिलं, की शेळी मेली तेव्हा आई रडली, आणि बाप म्हणाला, जिवंत असताना विकली असती तर बरं झालं असतं, आणि मग तोही गोठ्यात जाऊन रडला. मी त्याचं ‘पाळीव प्राणी आपले मित्र’ करून टाकलं. बापाची बदनामी नको म्हणून. तिच्या आईनं वाचलं आणि तिला विचारलं, ही कुणाची शेळी गं?”

“मग?”

“मग तनुजा दुसऱ्या दिवशी टेबलापाशी आली. म्हणाली, सर, आता तुम्हीच लिहीत जा. खाली माझं नाव टाका. रागानं नाही हो म्हणाली. सोय सांगावी तसं म्हणाली. त्या दिवसापासून वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही तिनं. आणि तिचं बघून बाकीच्यांनीही. मी थकलोय, बाबा.”

बाबांनी एकदम तळहात वर केला. ट्रॅफिकचा हवालदार करतो तसा.

“थांब. ‘मी उत्साहात आहे’ असं म्हण.”

“काय?”

“मठात चार लोक येतात, ऐकतात. बरं दिसतं.”

सर गोंधळले. “बाबा, मला खरंच झोप लागत नाही...”

पुन्हा तळहात. “‘मी पहाटे लवकर उठतो.’ हं. पुढे?”

“मला शाळेत जावंसं वाटत नाही!”

“‘शाळा हे माझं दुसरं घर आहे.’ झकास. पुढे?”

पुढे काही आलंच नाही. सरांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. घशाशी आलेलं सगळं उलट्या पावली आत गेलं. राग यायला हवा होता, तोही आला नाही. आपण इथे नसलो तरी चालेल, एवढंच वाटलं.

बाबा मेथी निवडत राहिले.

पिंपळाखाली मठाचं कुत्रं अंग झाडून पुन्हा झोपलं.

“का रे,” बाबा म्हणाले, “गप्प झालास?”

सरांनी खिशातून मोबाईल काढला.

“एक आहे अजून,” ते म्हणाले. “तिचंच. शेळीच्या आधीचं. मंजुरी दिली नव्हती. काढूनही टाकलं नाही. नुसतं पडून आहे.”

“वाच.”

“माझ्याबद्दल आहे.”

“मग मोठ्यानं वाच.”

सरांनी घसा साफ केला.

“‘आमचे सर पूर्वी शिकवताना आमच्याकडे बघायचे. आता ते फोटो काढताना बघतात. फळ्याकडे तोंड करून ते डोळे मिटतात, त्यांना वाटतं आम्हाला कळत नाही. मला वाटतं त्यांना घरी खूप काम असेल. मी मोठी झाले की त्यांना मदत करीन. तोपर्यंत त्यांनी आमच्या वह्या उशिरा तपासल्या तरी चालतील.’”

वाचून झाल्यावर सर स्क्रीनकडेच बघत बसले. थकलात का, हे बायकोनं विचारलं नव्हतं, मुख्याध्यापकांनी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आणि दोन वेण्यांच्या एका पोरीनं हे मागच्या पावसाळ्यातच लिहून ठेवलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं दाबून ठेवलं होतं.

“यात काय नीट करायचं होतं तुला?” बाबांनी विचारलं.

“काही नाही... मला लाज वाटली.”

“आता?”

“आताही वाटते.” सरांनी डोळे पुसले. “पण उद्या पाहुणे येणार आहेत, बाबा. पडद्यावर ब्लॉग उघडणार आहे मी. याला मंजुरी दिली तर सगळ्यात वर हेच दिसेल. साहेब असतील, पेपरवाला असेल. इतक्या दिवसांत मी कमावलं ते सगळं...”

बाबांनी निवडलेली मेथी टोपलीत भरली, देठं कुत्र्याच्या पलीकडे उकिरड्यावर टाकून आले, आणि पुन्हा येऊन बसले. या वेळी तळहात वर केला नाही.

तळहात वर होईल म्हणून सर वाट बघत होते. तो वर झाला असता तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी मंजुरीच्या बटणावर अंगठा टेकवला. एक काना न बदलता, एक शब्द न पुसता. मठाच्या टेकाडावर नेट तसं अधूनमधूनच असतं. आज नेमकं होतं. पोस्ट पानावर चढली, खाली तनुजाचं नाव, आणि मंजुरीची अटही सरांनी काढून टाकली. यापुढे पोरं लिहितील ते थेट दिसणार होतं.

“गेलं,” सर म्हणाले.

बाबांनी मान हलवली.

सर उठले, चपला घातल्या, पायरी उतरले, आणि परत वळले. चेहरा तसाच दमलेला होता, फक्त खांदे थोडे खाली आले होते.

“बाबा, ती उद्या विचारेल, सर, इतके दिवस का अडवून ठेवलं होतं? चारचौघांत विचारेल. ती तशीच आहे... तशी होती. आणि नाही विचारलं तर? पाहुणे समोर, मुलं गप्प. मी वर्गात उभा राहून करू काय?”

सिद्धबाबा टोपली उचलून स्वयंपाकघराकडे निघाले होते. दारात थांबले.

“उभा राहू नकोस. मागच्या बाकावर जाऊन बस. ती विचारेपर्यंत उठू नकोस.”