सुरंगीच्या पायांतला चाळ

एका राज्यात, जिथे झाडेही राजाची आज्ञा घेऊन मोहरत, एक राजा राज्य करीत होता. त्याच्या पदरी हत्ती होते, हिरे होते, भविष्य सांगणारी मैना होती. नव्हती ती एकच गोष्ट. त्याला हवी होती अशी नर्तकी, जिच्यासारखी दुसरी नाही. त्याने दवंडी पिटवली. ती ऐकून दूरदेशीची एक जादूगारीण दरबारात आली. तिचे नाव वज्रनूपुरा.

"बारा मुली द्या आणि एक वर्ष द्या," ती म्हणाली.

"आणि दुसरी कुणी तिच्या तोडीची निघाली तर?"

"दुसऱ्या उरणारच नाहीत, महाराज."

राजाला उत्तर चतुराईचे वाटले. त्याने मान डोलावली.

बारा गावांतून बारा मुली नृत्यशाळेत आल्या. त्यांत सुरंगी होती, खाडीवरच्या नावाड्याची लेक, हेलकावणाऱ्या होडीत तोल सांभाळत नाचायला शिकलेली. पहिला महिना बाराजणी एका ताटाभोवती जेवल्या. कुसुंबी सुरंगीच्या टाचेतले काटे काढी. दवणी, सगळ्यांत धाकटी, झोपेत सुरंगीच्या पदराचे टोक मुठीत धरी.

मग वज्रनूपुरेने भिंतीवर बारा नावांची पाटी लावली. रोज सकाळी पाटी आपोआप बदले. कुणाचे नाव वर चढे, कुणाचे खाली घसरे. झाले! एका ताटाची बारा ताटे झाली. मुली आपल्या पावलांपेक्षा दुसरीच्या चुका मोजू लागल्या. एखादी ठेचकाळली की अकरा चेहऱ्यांवर क्षणभर उजेड पडे. सुरंगीचे पाय जेवतानाही ठेका धरीत. एकदा बाप भेटायला आला आणि नव्या होडीचे कौतुक सांगू लागला. ती हूं हूं म्हणत मनात मात्रा मोजत राहिली. तो गेल्यावर तिला आठवेना, होडीला रंग कोणता दिला म्हणाला ते.

पहिली परीक्षा मोहरीची. दालनभर मोहरी पसरली. तीवर नाचायचे, दाणा तळव्याला चिकटता कामा नये. पाटीवर कुसुंबी पहिली होती, सुरंगी दुसरी. त्या सकाळी सुरंगीने कुसुंबीच्या पायपुसण्यावर बोटभर मध चोळला. कुणी पाहिले नाही.

नाच संपला तेव्हा कुसुंबीचे तळवे मोहरीने काळे झाले होते. ती शेवटची ठरली. वज्रनूपुरेने टाळी वाजवली. कुसुंबीची टिटवी झाली आणि फरशीवर एक घुंगरू पडले. जादूगारिणीने ते रिकाम्या चाळात ओवून पहिल्या आलेल्या सुरंगीच्या पायात बांधले.

"तिची गती आता तुझी. पाय हलके वाटतात?"

"वाटतात, गुरुमाई."

खरेच वाटत होते. सुरंगीला त्याचीच भीती वाटली.

दुसरी परीक्षा घागरीची. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन ताणलेल्या दोरावर नाचायचे. नऊ जणींचे पाणी सांडले. नऊ टाळ्या वाजल्या. नऊ पाखरे खिडकीतून बागेत गेली, आणि सुरंगीच्या चाळात दहा घुंगरे झाली. माणसांत उरल्या दोघी: ती आणि दवणी.

त्या दिवसापासून सुरंगीचे पाय थांबेनात. बसली तरी हलत, निजली तरी अंथरूण तुडवीत. चाळ सोडू गेली तर गाठ बोटांतून निसटे. दुपारी ती बागेत येरझारा घालीत असता टिटवी कुंपणावर येऊन बसली.

"मध कुठला होता?" टिटवीने विचारले.

"पाकघरातला. तुला ठाऊक होतं?"

"तळव्यांना गोड वास येत होता."

"मला हवी ती शिक्षा दे, कुसुंबी."

"शिक्षा देऊन माझे पाय परत येणार आहेत? ऐक. पाखरांना घुंगरांची भाषा कळते. ती म्हणतात, जिंकणारी आपणहून थांबली तर चाळ तुटतो."

"आणि थांबणारीचं काय होतं?"

"ते घुंगरांनाही ठाऊक नाही. आजवर कुणी थांबलेलंच नाही."

तिसरी परीक्षा भर दरबारात झाली. दोघींनी समोरासमोर नाचायचे. जी आधी थांबेल ती हरली. दोन प्रहर लोटले. दवणीच्या टाचा फुटल्या, फरशीवर तांबडी पावले उमटली.

"सुरंगीताई," ती धापा टाकत म्हणाली, "मला पाखरू नाही व्हायचं गं."

तिचा गुडघा लचकला. त्याबरोबर सुरंगीच्या मनात तोच जुना उजेड पडला. हरतेय, ही हरतेय! त्या आनंदाची तिला शिसारी आली. तिने थांबायचे ठरवले; पाय ऐकेनात. दहाजणींची गती त्यांना दहा दिशांना ओढीत होती. तिने खांबाला मिठी मारली, तरी पाय नाचत राहिले.

"महाराज," ती ओरडली, "पहिली परीक्षा मी कपटाने जिंकले! कुसुंबीच्या पायपुसण्याला मध मी लावला!"

आणि तिने फरशीवर अंग टाकले, घोटे दोन्ही हातांनी आवळून धरले. पाय जाळ्यातल्या मासळीसारखे तडफडले. तडफडत तडफडत निवले.

वज्रनूपुरेने टाळी वाजवली. सुरंगीच्या मनगटांवर राखाडी पिसे फुटू लागली. तिने डोळे मिटले, पण घोट्यांवरचे हात काढले नाहीत. तोच तडतड लाह्या फुटाव्यात तशी घुंगरे फुटली. खिडक्यांतून दहा पाखरे आत आली आणि भुईला पाय लागताच मुली होऊन उभी राहिली. सुरंगीची पिसे गळून पडली.

वज्रनूपुरेने पुन्हा टाळी वाजवली. काहीच घडले नाही. ती सुरंगीजवळ आली.

"थांबताना दुखलं?"

"फार दुखलं."

"म्हणूनच मी कधी थांबले नाही," जादूगारीण म्हणाली, आणि आली तशी चालत राज्याबाहेर गेली.

"मग माझी नर्तकी कोण?" राजाने विचारले.

"आम्ही बाराजणी," कुसुंबी म्हणाली.

राजाने फरशीवरची तांबडी पावले पाहिली आणि मान खाली घातली. पाटी उतरवली गेली. राजवैद्य दवणीच्या टाचा बांधायला आला. मुली राहिल्या त्या आपल्या खुशीने, आणि त्या राज्यात पुन्हा कुणी नाचून पाखरू झाले नाही.

कुसुंबी मात्र तीन महिने सुरंगीशी बोलली नाही. सुरंगीनेही आर्जवे केली नाहीत. मग एके सकाळी, बाराजणी सराव करीत असता, शेजारून आवाज आला,

"डावा खांदा खाली घे. केव्हाची चुकतेस."

सुरंगीने खांदा खाली घेतला.